पिंपात अडकलेलं ताट

गेवराईपासून समुद्र गाडीनं दिवसभराच्या वाटेवर आहे. तरीही आमचे मन्मथअप्पा रोज सकाळी दुकानाचं शटर वर केल्या केल्या मला पहिलं हेच विचारतात, "झेरॉक्सवाले, समुद्रावर वारं कसंय आज? बघा की मोबाइलमधी."

अप्पांचं भांड्यांचं दुकान, शेजारी माझं झेरॉक्सचं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात पांढरा सदरा आणि डोक्यात गॅस. शेगडीतला नव्हे. परदेशातून जहाजानं येणारा, उणे एकशे बासष्ट डिग्रीपर्यंत थंड करून पाण्यासारखा पातळ केलेला. कोकणच्या किनाऱ्यावर तो उतरवायला टर्मिनल बांधताहेत. जहाजाला धक्का, साठवायला अजस्र टाक्या, मग पुन्हा त्याची वाफ करून पाइपातून गावोगाव पाठवायची.

अप्पांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही. समुद्रसुद्धा नाही. पण कुणी थर्मास मागितला की संपलं. "ह्यात च्या गरम ऱ्हातो ना? तिथं गॅस थंड ऱ्हातो. बाहिर शिमिट, आत पोलाद, मधी भुसा भरल्यावानी. लई डोकं हाय त्येच्यात!" गिऱ्हाईक बिचारं चकलांब्याहून आहेराचं पातेलं घ्यायला आलेलं असतं. ते म्हणतं, "अप्पा, भाव सांगा." अप्पा म्हणतात, "आदी पाणी भरून बघा." हे त्यांचं पालुपद. पाणी भरून दहा मिनिटं ठेवल्याशिवाय त्यांनी आजवर एक भांडं विकलेलं नाही. एकदा चाळण घ्यायला आलेल्या बाईलाही तेच म्हणाले.

ही सगळी विद्या आली गिरिजाकडून. ती अप्पांची एकुलती एक लेक. अंबाजोगाईला शिकून इंजिनीअर झाली आणि त्या टर्मिनलवर नोकरीला निघाली. अप्पांचं डोकं फिरलं. "पोरीच्या जातीनं टाक्या बांधायच्या? गेलीस तर मी तुजा बाप न्हाई," असं भर दुकानात बोलून बसले. ती गेली. मी तेव्हा मध्ये पडायला हवं होतं, पण मी मुकाट्यानं कागद लावत बसलो. त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद.

बोलणं बंद, चौकशी मात्र चालू. रोज संध्याकाळी गिरिजाचा आईला फोन येतो. काकू तो स्पीकरवर ठेवतात. अप्पा फोनकडे पाठ करून बसतात आणि चिठ्ठ्या लिहितात, माझ्याच दुकानातल्या वाया गेलेल्या कागदांवर. काकूंना त्या टाकीशी काडीचं देणंघेणं नाही. पण त्या चिठ्ठी उचलतात आणि वाचतात, "काय गं, वेल्डिंगचे एक्स-रे आले का?" तिकडून गिरिजा अगदी सविस्तर उत्तर देते. आईला एवढं कळायला कधीपासून लागलं, असं तिनं एकदाही विचारलं नाही.

मागच्या महिन्यात तिनं सांगितलं की, टाकीचं छप्पर आधी टाकीच्या आत, जमिनीवरच तयार करतात आणि खालून हवा सोडून वर चढवतात. एवढं पोलाद नुसत्या हवेवर! अप्पांना ते पटेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातलं सगळ्यात मोठं पिंप घेतलं. आत जेमतेम मावेल असं ताट ठेवलं, कडेनं कणीक थापली आणि नळाच्या भोकाला माझा धूळ उडवायचा ब्लोअर लावला. ताट वीतभर चढलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात ते एका अंगाला कललं आणि असं काही अडकलं की आजतागायत निघालेलं नाही. अर्धी कणीक माझ्या चष्म्यावर आली.

मी पोट धरून हसलो. अप्पा भडकले. "कावून हसता? तिथं आसंच वाकडं झालं तर? पोरगी कुटं उबी ऱ्हाणार?"

त्या संध्याकाळची चिठ्ठी एवढीच होती: 'छप्पर कललं तर?'

"कलत न्हाई, आई," गिरिजा म्हणाली. "चहूबाजूंनी तारा लावून तोल धरतेत. वारं जास्त आसलं तर त्या दिवशी कामच करत न्हाईत."

तेव्हापासून हे वाऱ्याचं सुरू झालं.

छप्पर चढवायच्या दिवशी अप्पांनी एकही भांडं विकलं नाही. वारा मला दर अर्ध्या तासाला विचारला. काकूही स्वयंपाक सोडून दुकानात येऊन बसल्या. दुपारी फोन वाजला. "आई, बसलं! सरळ चढलं, बरुबर बसलं."

अप्पांनी आमच्यादेखत डोळे पुसले. मग घाईघाईनं चिठ्ठी खरडली आणि काकूंकडे सरकवली. काकूंनी ती तशीच परत सरकवली.

"मला चष्मा न्हाई," त्या म्हणाल्या. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

अप्पांनी घसा खाकरला आणि स्वतःची चिठ्ठी स्वतःच वाचली, एकेक शब्द सुटा करून. "बाहिरचं माणूस... बगायला आलं... तर आत सोडतेत का?"

तिकडून गिरिजा म्हणाली, "पास काढावा लागतो, अप्पा. फारम भरावा लागतो. नात्याच्या रकान्यात काय लिहू?"

अप्पा पिंपातल्या वाकड्या ताटाकडे बघत होते.

"बाप लिही," ते म्हणाले. "अन् लिहिलं की येकदा वाचून दाखीव."