ठकूमावशीची डुगडुगी आणि बनूचा परवाना

एका जंगलात, बाळांनो, चार पायांवर चालायला कुणाची परवानगी लागत नसे. तीन चाकांवर चालायचं म्हटलं की मात्र परवाना लागे. का, असं विचारू नका. विचारायलाही लागत असे.

त्या जंगलात ठकूमावशी नावाची अस्वलीण राहायची. तिच्याकडे तीन चाकांची एक डुगडुगी होती. कुणी आजारी पडो, कुणी अडो, मावशी त्याला डुगडुगीत घालायची आणि घाट ओलांडून गजराबाई हत्तिणीकडे पोचवायची. जंगलातली सुईण म्हणा, वैद्य म्हणा, एकच. गजराबाई. वीस वर्षं मावशीनं हे काम केलं. तिच्या चाकाखाली कधी मुंगीसुद्धा आली नाही. हे मी नाही सांगत, मुंग्या सांगतात.

आणि एका मंगळवारी तिचा परवाना संपणार होता. मावशी शहाणी. महिनाभर आधीच ती परवाना खात्यात गेली.

खिडकीवर कारकून होता सरडा. खुर्चीवर बसला की तो खुर्चीच्याच रंगाचा व्हायचा. त्यामुळे साहेब जागेवर आहेत की नाहीत, हे त्या जंगलात कुणाला कधीच कळलं नाही. मावशी दोन दिवस रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहिली. तिसऱ्या दिवशी खुर्चीनं जांभई दिली.

“अर्ज ऑनलाइन भरायचा,” खुर्ची म्हणाली.

“म्हणजे कुठं?”

“जाळ्यावर.”

जाळ्याचं कंत्राट कोळ्याकडे होतं. कोळी म्हणाला, “जाळं डाऊन आहे, मावशी. माशी अडकलीय. तेवढी खाऊन होऊ दे.”

ती खाऊन होईपर्यंत दुसरी अडकली. असे पंधरा दिवस गेले. कोळी चांगला गरगरीत झाला.

मग अर्ज एकदाचा गेला आणि डोळे तपासायची पाळी आली. डोळ्यांचे डॉक्टर होते घुबड. तपासणीची वेळ, भर दुपारी बारा ते दोन.

“समोरचा तक्ता वाचा,” घुबड म्हणालं.

मावशीनं धडाधड वाचला. खाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं.

“बरोबर ना, डॉक्टर?”

“असेल बाई. मला कुठं दिसतंय?” घुबड म्हणालं आणि अर्जावर लिहिलं, ‘नजर पडताळता आली नाही. पुन्हा यावे.’

मंगळवार आला आणि गेला.

बुधवारी सकाळी शेवंती हरिणीला कळा सुरू झाल्या. पिल्लू आडवं आलं होतं. मावशीनं मागचापुढचा विचार केला नाही. शेवंतीला मागच्या बाकावर आडवी केली आणि डुगडुगी सुरू केली. मागे कोपऱ्यात बनू नावाची एक चिचुंद्रीही बसली होती. तिची दाढ दुखत होती, तिलाही गजराबाईकडेच जायचं होतं.

घाटाच्या तोंडाशी नाका होता. नाक्यावर भैरू हवालदार. जातीनं लांडगा.

“परवाना?”

“काल संपला रे, दादा. अर्ज दिलाय. बाई अडलीय, बघतोस ना?”

“बघतोय. पण ती मागच्या बाकावर अडलीय. मी पुढच्या सीटचं विचारतोय.”

“भैरू, तुझ्या बायकोला कुणी नेलं होतं?”

“तूच, मावशी. माझी तिन्ही पोरं तुझ्या गाडीमुळे जगली.” भैरूचे डोळे भरून आले. ते पुसून तो म्हणाला, “पण नियम तो नियम. गाडीत परवानावालं कुणी आहे का?”

मागून बारीक आवाज आला, “माझ्याकडे आहे.”

बनू! तिचा जन्मच मुळी परवाना खात्याच्या कपाटात झालेला. लहानपणापासून ती अर्ज पांघरून झोपायची. तिला कधी कुठला कागद कमी पडला नव्हता.

“पण मला गाडी येत नाही हो, साहेब,” ती म्हणाली. “मला समोरचं नीट दिसतही नाही.”

“मग परवाना कशाला काढलास?”

“ओळखपत्र म्हणून. सगळीकडे चालतो.”

“चालतो ना? मग आता चालव.”

भैरूनं मावशीला मागे बसवलं, बनूला पुढे ठेवलं आणि नियम पाळला जातोय का ते बघायला स्वतः तिच्या शेजारी बसला. बनू सीटवर उभी राहिली. हँडल तिच्या डोक्यावर एक हात होतं. तिनं उडी मारून ते धरलं आणि लोंबकळली. गाडी उतारानं आपोआप निघाली.

“ब्रेक कुठला गं, मावशी?” बनू ओरडली.

“तुझ्या पायाखालचा, उजवी...”

भैरूनं शिट्टी फुंकली. “विनापरवाना सूचना द्यायच्या नाहीत!”

पुढे वळण होतं. रस्ता वळला. डुगडुगी सरळ गेली.

धाडकन सगळे खड्ड्यात. भैरूचे चारही पाय आभाळाकडे आणि शिट्टी घशात. त्याच्या प्रत्येक श्वासाला ती वाजत होती. शेवंतीचा मागचा पाय मोडला. पण आपटण्यानं म्हणा, नशिबानं म्हणा, आडवं पिल्लू सरळ झालं आणि तिथंच चिखलात, मावशीच्या पंजात, जन्माला आलं. ओलं, थरथरणारं, जिवंत.

मावशीनं पिल्लू शेवंतीच्या कुशीत दिलं. डुगडुगी उचलून रस्त्यावर ठेवली. सगळ्यांना आत घातलं आणि स्वतः चालवत गजराबाईचं दार गाठलं. तेवढा वेळ भैरूनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. न पाहिलेल्या गुन्ह्याची नोंद करावी लागत नाही.

राजानं चौकशी समिती नेमली. समितीनं निकाल दिला, “चालकाकडे वैध परवाना होता, सबब अपघात झाला नाही. हरिणीचा पाय तिनं स्वतःहून मोडला असावा. विनापरवाना गाडी चालवून सर्वांना सुखरूप पोचवल्याबद्दल अस्वलिणीस सक्त ताकीद.” बनूला ‘सुरक्षित चालक’ म्हणून मानाचा नारळ दिला.

बनूला तो नारळ गोड लागेना. शेवंती लंगडताना दिसली की ती बिळात तोंड लपवायची. शेवटी ती परवाना परत करायला गेली.

“परत करायचा?” खुर्ची म्हणाली. “त्यासाठी आधी गाडी चालवून दाखवावी लागेल.”

बनू तिथून थेट मावशीच्या गुहेत गेली आणि ढसाढसा रडली. मावशीनं तिला पोटभर रडू दिलं. मग म्हणाली, “डोळे पूस. साळिंदराच्या आजोबांना धाप लागलीय. चल.”

थोड्या वेळानं डुगडुगी नाक्यावर आली. पुढच्या सीटवर बनू बसली होती, दोन्ही हातांत परवाना उंच धरून. तिच्या मागे, खाली, आजूबाजूला काळेभोर केसच केस होते.

भैरूनं परवाना पाहिला. मग केसांकडे पाहिलं.

“हे काय?”

“सीट कव्हर,” बनू म्हणाली.

“श्वास घेतंय.”

“हवा खेळती राहते, साहेब.”

तेवढ्यात सीट कव्हर शिंकलं. भैरूनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि बनूला कडक सलाम ठोकला. मग वाकून, हळूच म्हणाला, “सीट कव्हरला सांग, परवा माझ्या आईलाही न्यायचंय.”

तात्पर्य : बाळांनो, खड्ड्यात जायचं असेल तर नेहमी वैध परवाना जवळ बाळगावा. पलीकडे पोचायचं असेल तर सीट कव्हर व्हायला शिकावं.