नायकाचं केळवण

मालिकेतलं लग्न लागण्याआधी नायकाने प्रत्येक प्रेक्षकाच्या घरी केळवणाला जाऊन यायचं, या नियमाला सहा वर्षं झाली होती, आणि फलटणला हेमलता कर्णे यांच्या घराचा नंबर त्या मंगळवारी लागला.

नियम तसा साधाच होता. ‘तुझ्या नावाची सायंकाळ’ ही मालिका नऊ वर्षं रोज साडेसातला लागायची. तिच्यातल्या इंद्रजितचं आणि मृण्मयीचं तिसऱ्या वर्षी जमलं. लग्न ठरलं म्हटल्यावर केळवणं आली, आणि ज्यांनी त्या पोराला तीन वर्षं रोज घरात घेतलं त्यांना वगळून पुढे जायचं तरी कसं? मग तो कोल्हापूरकडून निघाला आणि ती विदर्भातून निघाली. सहा वर्षांत दोघांची गाठ पडली नव्हती. मालिकेत तेवढा काळ तो रस्त्याने चालताना दिसायचा, ती खिडकीत उभी दिसायची, आणि लोक म्हणायचे, गोष्ट जरा रेंगाळली आहे.

त्यातली पहिली दोन वर्षं तर फुकटच गेली. घरचं केळवण सगळ्यात शेवटी करायचं असतं. प्रत्येक घराने कळवलं की इंद्रजित आमच्याच घरचा आहे, तेव्हा आमचं शेवटी ठेवा. सगळेच शेवटी गेले आणि पहिलं घर कुठलं ते कुणाला सापडेना. अखेर चिठ्ठ्या टाकल्या.

हेमलताबाईंची अडचण याहून जवळची होती. त्यांच्या पल्लवीचं लोणंदच्या प्रवीणशी ठरून तीन वर्षं झाली होती, पण गुरुजी मुहूर्त काढून देत नव्हते.

“थोरल्याचं व्हायचंय अजून,” ते म्हणाले होते.

“गुरुजी, मला एकच मुलगी आहे,” हेमलताबाई म्हणाल्या.

“रोज दिवेलागणीला घरात कोण येतो? त्याला बघून ‘माझा लेक आला’ कोण म्हणतं?”

हेमलताबाई तसं म्हणत असत, रोज. थोरला बिनलग्नाचा असताना धाकटीचं लावायचं कसं? त्यांच्या एका गल्लीत अशा अकरा मुली आणि सात मुलगे थांबले होते. प्रवीणच्या घरी फक्त बातम्या बघत, त्यामुळे तो मोकळा होता. त्याच्या आईचा निरोप मात्र स्पष्ट होता: अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबू, पुढे नाही.

मंगळवारी हेमलताबाई पहाटेच उठल्या. पुरणपोळ्या, कटाची आमटी, अळूवड्या, मसालेभात, दोन कोशिंबिरी. पल्लवीने पाटाभोवती रांगोळी काढली. श्रीरंगराव दूध संघातून निवृत्त झाल्यापासून सकाळी पेपर आणि संध्याकाळी मालिका बघत, आणि दोन्हींबद्दल त्यांचं मत सारखंच वाईट होतं.

“येतोय तर विचार त्याला,” ते दिवाणावरून म्हणाले. “नऊ वर्षं एकच भुवई का वर करतोस म्हणावं. दुसरी दिली आहे देवानं.”

“जेवायला येतोय तो. गप बसा जरा.”

“केळवणात घरानं मालिकेबद्दल मत द्यायचंय ना? हे माझं मत.”

“मत घरच्या बाईचं घेतात,” हेमलताबाई म्हणाल्या.

त्यांचं मत तयार होतं. वहीत तारीखवार लिहिलेलं होतं. त्यातली बाकीची पानं त्यांनी केव्हाच मनातून काढून टाकली होती. एकच गोष्ट उरली होती, सहा वर्षं जुनी. इंद्रजित घर सोडून निघाला तेव्हा धरणाच्या भिंतीवरून तो सरळ चालत गेला. आई मागे उभी होती. त्याने एकदा वळून बघायला हवं होतं.

साडेबाराला तो आला. बरोबर केळवण पथकाच्या निरीक्षक तावरेबाई होत्या, काखेत रजिस्टर. तो मालिकेतल्याच आकाशी सदऱ्यात होता, तसा नियम होता. चेहरा रोजचाच, पण टीव्हीत दिसतो त्याहून मळकट, खूपदा धुतलेल्या कपड्यासारखा. वाकून पाया पडताना त्याचे गुडघे वाजले.

“आई,” तो म्हणाला.

“ये रे इंद्रा. बस.”

“आजचं तिसरं घर,” तावरेबाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसून त्यांनी अटी वाचल्या. ताट पूर्ण संपलं पाहिजे. वीस मिनिटं. जेवण चालू असताना मत द्यायचं. नायक फक्त ‘नोंद घेतली’ म्हणेल. ताट उरलं तर घराचा नंबर यादीच्या शेवटी जाईल.

“शेजारच्या रत्नप्रभाबाई काय म्हणाल्या?” श्रीरंगरावांनी विचारलं.

तावरेबाईंनी पान उलटलं. “नायकाने जास्त रडावे. त्याआधीच्या घरी, नायकाने रडणे बंद करावे. काल वाठारला, मिशी ठेवावी. परवा, मिशी काढावी.”

“मग काय केलंत?” पल्लवीने त्याला विचारलं.

“एका भागाआड ठेवतो,” तो म्हणाला. त्यात कुरकुर नव्हती.

हेमलताबाईंनी तुपाची धार सोडली. त्याने पोळीचा तुकडा मोडला, तोंडापर्यंत नेला, आणि हात परत खाली आला. दुसऱ्यांदाही तसंच झालं. रत्नप्रभाबाईंनी त्याला सात जिलेब्या वाढल्याचं सगळ्या गल्लीला ऐकू आलं होतं.

“आई, जरा थांबून खाल्लं तर चालेल?”

“अरे, सावकाश होऊ दे.”

“सोळा मिनिटं,” तावरेबाई म्हणाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांच्या सँडलची पट्टी दोऱ्याने बांधलेली होती.

पल्लवी भिंतीला टेकून उभी होती. “अजून किती घरं आहेत, बाई?”

“साडेतेरा हजार.”

“म्हणजे किती दिवस?”

“सणवार सोडून नऊ वर्षं. तिकडे मृण्मयी मॅडमची जरा जास्त आहेत.”

पल्लवीने हाताला लागलेली रांगोळी ओढणीला पुसली. तिला तेहेतीस पूर्ण झाली होती. हेमलताबाईंनी मनात हिशोब केला. आज ताट संपलं तरी काय होणार होतं? केळवण उरकेल, थोरला मात्र बिनलग्नाचाच राहील.

त्या तावरेबाईंच्या खुर्चीपाशी गेल्या. रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, पदार्थ, असे रकाने होते. पुढे ‘नाते’ असा एक रकाना होता, आणि त्यात छापलं होतं: मुलगा किंवा इतर. वरपासून खालपर्यंत सगळ्या घरांनी ‘मुलगा’वर गोल केला होता.

“हे इतर कशाला?”

“छापलंय म्हणून आहे. कुणी करत नाही.”

“केलं तर?”

तावरेबाईंनी चष्मा काढला. बरीच वर्षं कुणी प्रश्न विचारला नसावा. “इतर केलं तर हे केळवण होत नाही. नुसताच दारी आलेला माणूस. ताट संपवायचं बंधन नाही. घरातल्या लग्नाला त्याची आडकाठी नाही. पण मत देता येणार नाही. परक्याबद्दल मत कसं नोंदवणार? आणि एकदा केलं की परत फिरवता येत नाही.”

हेमलताबाईंनी त्या रकान्यावर बोट ठेवलं.

“आई, राहू दे,” पल्लवी म्हणाली. “मी सांगते प्रवीणला.”

“काय सांगशील?”

पल्लवी वाकून रांगोळीची पुसलेली रेघ नीट करू लागली.

हेमलताबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. श्रीरंगराव पेपरची घडी करत होते, उलगडत होते, परत करत होते. “तू बघ बाई,” ते म्हणाले. “माझं आपलं ते भुवईचं होतं. ते काय, राहिलं तरी चालेल.”

मग हेमलताबाईंनी पाटावर बसलेल्या माणसाकडे बघितलं. तो त्यांच्याकडेच बघत होता. दोन्ही भुवया जागच्या जागी होत्या.

“सहा हजार घरं झाली, आई,” तो हळूच म्हणाला. “कुणीच मला सोडलं नाही.”

हे गाऱ्हाणं होतं की भीती, ते त्यांना कळलं नाही. नऊ वर्षं रोज बघून या माणसाच्या तोंडावरचं सगळं आपल्याला वाचता येतं अशी त्यांची समजूत होती.

त्यांनी वही मिटून कोनाड्यात ठेवली. तावरेबाईंचं पेन घेतलं आणि ‘इतर’वर गोल केला. खाली सही केली.

“झालं,” तावरेबाई म्हणाल्या आणि शाई वाळायला त्यांनी पानावर फुंकर घातली.

“तुम्ही जरा पडा,” हेमलताबाई त्याला म्हणाल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या त्याला ‘तुम्ही’ म्हणाल्या. मग त्यांनी तावरेबाईंना विचारलं, “पडले तर चालेल ना?”

“परक्या माणसाने कुठे पडायचं याला नियम नाही. पुढचं घर तीनला आहे.”

श्रीरंगराव दिवाणावरून उठले. पल्लवीने जाड गोधडी अंथरली. तो उताणा पडला, आणि डोकं टेकायच्या आधीच झोपला असावा. हेमलताबाईंनी ताट उचललं. पुरणपोळ्या श्रीरंगरावांनी आणि तावरेबाईंनी खाल्ल्या. खाताना तावरेबाई हळूच म्हणाल्या, “मला कुणी वाढत नाही. तशी तरतूद नाही.” पल्लवीने त्यांना आणखी एक वाढली.

पावणेतीनला तो उठला. हेमलताबाईंनी ताकभात कालवून ठेवला होता. त्याने चार घास खाल्ले, वाटी स्वतः मोरीत नेऊन ठेवली, चप्पल घातली.

“येतो, काकू,” तो म्हणाला.

“या,” हेमलताबाई म्हणाल्या.

पायऱ्या उतरून तो तावरेबाईंच्या मागे गल्लीतून निघाला. सदऱ्यावर पाठभर गोधडीच्या टाक्यांच्या ओळी उमटल्या होत्या. तो कोपऱ्यापर्यंत जाईतो हेमलताबाई दारात उभ्या राहिल्या. तो वळला नाही. वळायला हवं होतं, असं म्हणायचा हक्क आता त्यांना नव्हता.

गुरुजींनी त्याच संध्याकाळी मुहूर्त काढून दिला. साडेसातला टीव्ही लावला तेव्हा इंद्रजित पाठमोरा होता. मृण्मयी खिडकीत समोरून दिसली, रस्ता, झाडं, सगळं जिथल्या तिथे. तो तेवढा पाठमोरा. दुसऱ्या दिवशीही तसंच. रत्नप्रभाबाईंच्या घरी त्याचा चेहरा दिसत होता, त्यांनी खात्रीने सांगितलं, आणि त्या दिवशी मिशीही होती.

“परक्यांकडे कशाला तोंड करून उभा राहील?” श्रीरंगराव म्हणाले, आणि टीव्ही दुरुस्तीवाल्याला बोलवायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

अक्षय्य तृतीयेला पल्लवीचं लग्न झालं. ती लोणंदला गेली. आता संध्याकाळी घरात दोघंच असतात. हेमलताबाई भाजी निवडत बसतात आणि साडेसातला टीव्ही लावतात. तो रस्त्याने चाललेला असतो.

“पाठीनं मात्र बरं काम करतो,” परवा श्रीरंगराव म्हणाले.

“आपण काही बोलू नये,” हेमलताबाई म्हणाल्या.

त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि चष्मा लावून बघितलं. आकाशी सदऱ्यावर गोधडीच्या टाक्यांच्या ओळी अजून तशाच होत्या, वरपासून खालपर्यंत, एकही पुसलेली नव्हती.