झाडे काकाजी कार्ड पाहून राह्यले

वर्ध्याचा मे महिना ज्याने काढलाय त्याला कूलरचं महत्त्व मी सांगायला नको. आमच्या सिंदी मेघेत दुपारी माणूस कूलरसमोर जो बसतो तो दिवेलागणीलाच उठतो. शेजारच्या झाडे काकाजींकडेही कूलर आहे, चांगला दणकट, पत्र्याचा. फक्त तो माणसांकडे पाठ करून उभा असतो. त्याचं तोंड आतल्या खोलीकडे, आणि आतल्या खोलीत स्टुलावर एक काळा कॉम्प्युटरचा डबा. सगळा वारा त्या डब्याला. काकाजी स्वतः बाहेर ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन बसतात आणि आल्यागेल्याला सांगतात, "मले सवय हाय जी. त्याले नाई."

मी एकदा बोलून गेलो, की कूलरची हवा ओलसर असते, मशीनला बाधेल. काकाजी विचारात पडले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर कूलर तिथेच, पण टाकीतलं पाणी काढून टाकलेलं. म्हणजे आता तो नुसता गरम वारा फेकत होता आणि मशीन अन् काकाजी सारखेच भाजत होते. तेव्हापासून मी त्या घरात सल्ला देताना जरा जपून असतो.

काकाजी हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये गोदाम सांभाळायचे. आयुष्य कापसाच्या गठाणी रचण्यात गेलं. मुलगा प्रशांत नोकरीसाठी पुण्याला जाताना आपला जुना कॉम्प्युटर इथे टाकून गेला, आणि काकाजींनी मोबाइलवर बघून बघून त्याचा सर्व्हर केला. सर्व्हर म्हणजे काय, तर घरातलं गोदामच. फोटो, व्हिडिओ सगळं त्यातल्या हार्ड डिस्कांवर भरून ठेवायचं आणि हवं तेव्हा टीव्हीवर लावायचं. हार्ड डिस्कांना काकाजी गठाणीच म्हणतात. मी कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. प्रवेशाचे अर्ज कॉम्प्युटरवर भरतो, एवढ्या भांडवलावर काकाजींनी मला त्यातला जाणकार ठरवून टाकलं.

या गोदामात माल येतो तो पुण्याहून. प्रशांतला मुलगी झाली तेव्हा काकू दोन महिन्यांसाठी तिकडे गेल्या. ती पोट्टी आता शाळेत जाते. काकू अजून दोन महिन्यांसाठीच गेलेल्या आहेत. काकाजीही एकदा जाऊन आले, पण आठवडाभरही टिकले नाहीत. म्हणाले, "आंघोळ करा लागते आन् बाल्कनीत उभं राहा लागते. दुसरं कामच नाई तेथी."

काकू रोज व्हिडिओ पाठवतात. नात दूध पिताना, नात दूध सांडताना, मग नुसतंच सांडलेलं दूध. काकाजी एकही मिटवत नाहीत. एकदा काकूंच्या हातून फोन चालूच राहिला. तासभर नुसतं छत दिसतंय, पंखा फिरतोय, आणि मागे काकू भांडी घासता घासता कुणाला तरी वांग्याच्या भाजीत तेल किती घालावं ते सांगतायत. काकाजी तोच व्हिडिओ रोज जेवताना लावतात. मी विचारलं, हे काय पाहून राह्यले, तर म्हणाले, "आवाज चांगला आला हाय जी त्याच्यात."

काकूंशिवाय त्या माणसाला करमत नाही हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. पण ते त्यांच्या तोंडून निघेल तर शपथ.

तर झालं असं, की गोदाम भरलं. प्रशांतने फोनवर सोपा उपाय सांगितला: बाबा, अर्धे व्हिडिओ डिलीट करा. काकाजी दोन दिवस त्याच्याशी नीट बोलले नाहीत. मला म्हणाले, "गोदाम भरलं म्हणून कापूस जाळते का कोणी? बाजूनं शेड टाका लागते." पण नवी डिस्क लावायची तर मशीनमध्ये डिस्का जोडायच्या जागाच संपल्या होत्या. तेव्हा त्यांना शोध लागला, की असं एक कार्ड मिळतं, ते आत खाचेत बसवलं की आणखी आठ डिस्कांची सोय होते. झालं. त्या दिवसापासून काकाजी कार्ड पाहायला लागले.

आता तुम्ही-आम्ही दुकानात जाऊ, कार्ड द्या म्हणू आणि घरी येऊ. काकाजींचं तसं नाही. "आधी माल पाहू, मंग बोलू," हा त्यांचा मंत्र. ओट्यावर बसून त्यांनी मला सगळी जातकुळी समजावली. एक असतं नवंकोरं, स्वस्त, दिसायला नाजूक. पण काम वाढलं की मधातच डोळा लावतं आणि डिस्का दिसेनाशा होतात. दुसरं असतं फार हुशार. ते आल्या आल्या सांगतं, घर माझ्या हिशोबानं मांडा, म्हणजे आधीचं सगळं पुसा. तिसरं असतं मोठ्या कंपनीच्या मशीनमधून काढलेलं, वापरलेलं. ते गुमान डिस्का सांभाळतं, मधे मधे करत नाही, पण तापतं फार. काकाजींचा जीव तिसऱ्यावर जडला होता. मी मान हलवत होतो, कारण मला भूक लागली होती.

मग तो फोन झाला. नागपूरच्या दुकानदाराशी काकाजी बोलत होते, आणि ते फोनवर बोलतात तेव्हा फोनची गरज नसते. आमची शोभा, म्हणजे माझी बायको, गच्चीवर कुरड्या घालत होती. तिला एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं, ते असं:

"हाव जी, पण मले पाहा लागते. फोटोवर काय भरवसा... कुठचं हाय म्हणता? हैदराबादचं? आधी कंपनीत होतं? मंग काऊन काढलं तेथून?... वय असू द्या जी, आपलं बी वय झालंच हाय... गरम? गरम किती?... चालते, पाठीमाग पंखा लावू... आठ जणांले एकटं सांभाळीन ना?... मधात बोलत तं नाई? पह्यलं एक पाह्यलं, ते म्हणे आल्याबरोबर जुनं सारं पुसतो. तसं नाई पाह्यजे मले... नाई, पोराले नाई सांगतलं. तो नाईच म्हणीन... येतो ना रविवारी पाहायले."

आमच्याकडे बाईलाही 'ते' म्हणतात, स्थळालाही 'ते' आणि कार्डालाही 'ते'. शोभाच्या हातातला सोऱ्या तसाच राहिला. ती खाली आली आणि मला काही विचारायच्या आधी तिने पुण्याला फोन लावला. मला विचारलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं, हे मी तिला नंतर म्हटलं. ती म्हणाली, म्हणूनच नाही विचारलं.

शनिवारी सकाळी गल्लीत ऑटो थांबला. काकू उतरल्या, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पदराचं टोक घट्ट धरलेलं. मी दात घासत ओट्यावर उभा होतो. माझ्याकडे न पाहता त्या सरळ घरात गेल्या. मी मागोमाग गेलो, कारण असं काही पाहायला मिळण्याचे प्रसंग सिंदी मेघेत फार येत नाहीत.

"कुठी हाय ते?" काकूंनी विचारलं.

"कोन?" काकाजी. तोंडावर नुसता आनंद. बायको अचानक दारात उभी, का आली हेसुद्धा विचारायचं त्यांना सुचलं नाही.

"ते हैदराबादचं."

"अवो, ते आलं कुठी अजून? उद्या पाहायले जातो नागपूरले. बरं झालं तू आली. तू बी चाल ना. तुले पसंत असन तं घेऊनच येऊ घरी."

काकू खाटेवर बसल्या. मला वाटतं त्यांना भोवळ आली असावी. "मी चालू? पाहायले?"

"दोघाईनं पाह्यलेलं बरं राहते. आतल्या खोलीत त्याची जागा बी करून ठेवली मी."

आता मात्र मला राहवेना. मी म्हटलं, काकाजी, फोटो दाखवा त्यांना. काकाजींनी मोबाइल पुढे केला. एक हिरवी पट्टी, तिच्यावर चांदीच्या रंगाचा खाचाखाचांचा ठोकळा. काकूंनी चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. "हे?"

"हेच."

मग काकू उठल्या, कूलरजवळ गेल्या, तो दोन्ही हातांनी खाटेकडे फिरवला आणि टाकीत बादलीभर पाणी ओतलं. म्हणाल्या, "आता आलीच हाय तं हे कार्ड लागल्याबिगर जात नाई मी. तुमचा काई भरवसा नाई." काकाजी गरीब मुलासारखे थंड वाऱ्यात येऊन बसले.

रविवारी आम्ही तिघं नागपूरला गेलो. बसमध्ये ती दोघं पुढच्या सीटवर, मी मागे पिशवी धरून. सेलूला बस थांबली तेव्हा काकाजी खाली उतरून काकूंसाठी भजी घेऊन आले, मला विचारलंही नाही. दुकानात हैदराबादचं कार्ड समोर ठेवलं होतं. मला वाटलं, आता उचलतात आणि निघतो. पण ज्याच्यासाठी या माणसाने महिनाभर माझं डोकं खाल्लं, त्याच्याकडे पाहून काकाजी म्हणाले, "पट्टी जराशी लांब वाटते. दुसरं दाखवा."

पुढच्या रविवारी दुसरं पाहिलं. त्याची वायर आखूड निघाली. त्याच्या पुढच्या रविवारी तिसरं, त्याचा हिरवा रंग त्यांना बरोबर वाटेना. दुकानदार हिंदीवर आला. "काकाजी, इसको डब्बे के अंदर रहना है. रंग कौन देखेगा?"

"मी पाहीन ना," काकाजी म्हणाले.

घरी पुण्याचा फोन यायचा, आई कधी येते म्हणून, आणि काकू सांगायच्या, कार्ड लागलं की निघतो. माझे रविवार मात्र मातीत चालले होते. शेवटी दुकानदारानेच वैतागून ते हैदराबादचं कार्ड काकाजींच्या पिशवीत कोंबलं. म्हणाला, घर ले जाओ, लगाके देखो, नहीं जमा तो वापस. दोन दिवसांनी मी विचारलं, लागलं का? काकाजी म्हणाले, "बसतच नाई जी खाचेत."

मला खरं वाटेना. गुरुवारी ऑफिसातून लवकर सुटलो आणि सरळ त्यांच्याकडे गेलो, म्हटलं स्वतःच बसवून टाकू. काकू आमच्याकडे शोभाबरोबर पापड लाटत होत्या. आतल्या खोलीत पाहतो तर काकाजी मशीनसमोर मांडी घालून बसलेले, कार्ड आत नीट बसलेलं, मागे छोटा पंखा फिरतोय, आणि पडद्यावर सगळ्या डिस्का, जुन्या आणि नव्या, एकाखाली एक. एकही गायब नाही.

"काकाजी, अहो लागलं की हे."

ते दचकले नाहीत. त्यांनी मशीन बंद केली, स्क्रू काढला, कार्ड हळूच बाहेर घेतलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळायला लागले.

"काऊन काढता?"

"कार्ड लागल्याबिगर जात नाई म्हणे ना ते."

"हो. मग?"

"मंग लागलं तं ते पुण्याले जाईन ना जी."

इतके रविवार मी या माणसावर चिडलो होतो. मी म्हटलं, "काकाजी, त्यांना सरळ सांगा ना, राहा म्हणून."

"कसं सांगू? तेथी नात हाय, पोराची ओढाताण होते. मी आपल्यासाठी थांब म्हणू, ते बरं दिसते का?" त्यांनी पुडी बांधली, कोपऱ्यातल्या गव्हाच्या कोठीचं झाकण उघडलं आणि कोपरापर्यंत हात घालून ती आत दाबली. "मले एकट्याले जेवन जात नाई, सुरेशभाऊ. तुमी सांगू नोका कोणाले."

मी नाही सांगितलं. शोभालासुद्धा नाही, आणि ते मला किती जड गेलं ते माझं मलाच माहीत.

रविवारी पुन्हा नागपूर ठरलं, दुसरं कार्ड पाहायला. मी सकाळी गेलो तेव्हा काकाजी कपडे करून फाटकाशी बसला निघायच्या घाईत उभे होते. मी पाणी प्यायला आत गेलो. काकू दळणासाठी कोठीतून गहू काढत होत्या. फोन कानाशी खांद्याने दाबून धरलेला, पलीकडे प्रशांत.

"नाई रे बाप्पा, कुठचं कार्ड," त्या सांगत होत्या. "तुह्या बाबाले एखांदं पसंत पडन तवा ना. तुमी ठेवली ते बाई बरी सांभाळते ना पोट्टीले शाळेतून आल्यावर? मंग झालं. मी याईले असं सोडून कशी येऊ?"

बोलता बोलता त्यांनी कोठीतून वर्तमानपत्राची पुडी काढली, पदराने तिच्यावरचा भुसा पुसला, बाजूला ठेवली, डबा गव्हाने भरून घेतला. मग पुडी उचलून पुन्हा आत, कोपरापर्यंत हात घालून, होती तिथेच दाबली आणि वरून गहू सारखे केले. वळल्या तर दारात मी.

त्यांनी फोन ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "मले मालूम हाय म्हणून त्याईले सांगू नोका, भाऊ. लय मेहनतीनं लपवलं हाय त्याईनं."

मी मान हलवली.

"थांबा, मी बी येतो," काकू म्हणाल्या, आणि पातळ बदलायला आत गेल्या.