नकाराचा पाय

दुपारच्या पिक्चरची कॅसेट बदलून आणायला गावचा केबलवाला बिरू देवकाते इंदापूरला गेला आणि इकडे त्याच्या बायकोने, अनिताने, केबलच्या खोलीत व्हिडिओ गेम उघडला.

साल अठ्ठ्याण्णव. गेम तिचा दीर सुयोग याने मस्कतहून पाठवला होता. त्या गेमला आपल्याच कंपनीची कॅसेट लागे. दुसरी घातली की पडदा नुसता मिचमिचत राही. बारामतीच्या आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचं शिकलेल्या अनिताला तो स्वतःचा अपमान वाटला. आठवडाभर डोकं घातल्यावर तिला आत एक चिप सापडली. नाही म्हणणं, एवढंच त्या चिपचं काम होतं.

आज तिने चिपचा एक पाय कापला. जळोचीच्या भंगारवाल्याकडून आणलेली, टीव्हीवर कॉम्प्युटर शिकवणारी कॅसेट आत घातली आणि कॅसेटसोबत मिळालेल्या कीबोर्डच्या तारा गेमला सोल्डर केल्या. टीव्हीला जोडायला मोकळी वायर नव्हती, म्हणून पिक्चर लावायच्या व्हीसीआरची काढून घेतली.

बटण दाबलं. निळ्या पडद्यावर एक पांढरा चौकोन लुकलुकत उभा राहिला. उड्या मारणारा माणूस नाही, बंदूक नाही. खेळण्यापुरता बनवलेला डबा गप्पपणे विचारत होता, काय करू. अनिताने कीबोर्ड पुढ्यात ओढला.

काय लिहावं सुचेना. भिंतीपलीकडे सासूबाई, बनाबाई, झोपल्या होत्या आणि त्यांचा आवाज इथवर येत होता. तिने तेच लिहिलं, अक्षरं इंग्रजी आणि भाषा मराठी: सासूबाई घोरतात. खाली हुकूम दिला, परत परत छाप. पडदा भरला, वर सरकला, पुन्हा भरला. अनिता पाव तास पाहतच राहिली.

व्हीसीआरच्या त्याच वायरीवरून पिक्चर गावातल्या घरोघरी जायचा. गावाला जाणारी लाइन बिरूने बंद केली असेल, असं तिने धरलं होतं. ती चालू होती.

निवृत्त पोस्टमन म्हस्कूतात्या दारात आले. "सूनबाई, आजचा पिक्चर इंग्रजी हाय का?"

"म्हंजी?"

"मी एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचलं. सासूबाई घोरतात. वाचलं ते चुकलंच. पळसदेवातल्या एकशे तीस घरांत सासवा उठून बसल्यात. भामाबाई सुनंला म्हनती, तूच लिवायला लावलं. सारजाची सासू पिशवी भरून कन्हेरीला लेकीकडं निघालीय."

अनिताचा हात बटणाकडे गेला, तेवढ्यात तात्यांच्या मागून बनाबाई आत आल्या.

"तू लिवलंस?"

"व्हय, आत्या. गावात दिसंल हे ठावं नव्हतं."

बनाबाई टीव्हीसमोर टेकल्या. ओळी वर चढतच होत्या.

"हे समदं माझ्यावर हाय?"

"व्हय."

"आन ह्यो दमत न्हाय?"

"न्हाय. थांब म्हनंस्तवर."

बनाबाईंनी वर सरकणाऱ्या एका ओळीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "माझ्यावर येवढं कदी कुनी लिवलं न्हाय. ह्यात माझा ब कंचा?"

अनिताने छपाई थांबवली, पडदा पुसला आणि कीबोर्डवरचं एक बटण दाखवलं. बनाबाईंनी पदराला बोट पुसलं आणि दाबलं. पडद्यावर अक्षर उगवलं. समोरच्या घरातून कुणीतरी म्हणालं, "आरं, कायतरी आलं बग."

बनाबाईंनी बोट झटक्यात मागे घेतलं. "त्यांनला बी दिसलं?"

"समद्या गावाला."

त्यांनी पुन्हा दाबलं, या वेळी जरा जोरात.

बिरू चारला कॅसेट घेऊन परतला, तर खोलीबाहेर सासवांची रांग. सारजाची सासू भरलेली पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. बिरू आत शिरायला लागला, तशी सगळ्यात पुढे उभ्या भामाबाईंनी त्याचा दंड धरला.

"पिक्चर उद्या लाव," त्या म्हणाल्या. "माझ्या भ ला दोन बटनं लागत्यात म्हनं."