उद्या पाणी नेहमीप्रमाणे येईल

परीक्षेच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, पाणीवाल्यांनी ठरवलं की घोकंपट्टी पुरे झाली, आता प्रात्यक्षिक करून बघू. तिथेच सगळा घोळ झाला. घोकत बसले असते तर निदान इमारतीची मोटर तरी वाचली असती.

पाणीवाले म्हणजे पाणीपुरवठा कार्यालयातले कारकून. इमारतीत त्यांना नावानं कोणी ओळखत नाही. बायकोसुद्धा फार चिडली की "तुमच्या ऑफिसला सांगा" असंच म्हणते, जणू नवरा वेगळा आणि ऑफिस वेगळं. उभी नोकरी त्यांनी तक्रारींच्या खिडकीमागे काढली. ही खिडकी कुठल्या शहाण्यानं बांधली देव जाणे. ती अशा उंचीवर आहे की आत बसलेल्याला बाहेरच्याचं तोंड दिसत नाही, फक्त शर्टाची बटणं दिसतात. त्यामुळे पाणीवाल्यांची अर्धी हयात बटणांशी बोलण्यात गेली. (बटणं शिव्या देतात, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं.)

मग जनसंपर्क अधिकारी निवृत्त झाले आणि त्या जागेवर बसायला कोणी मिळेना, म्हणून साहेबांनी पाणीवाल्यांना तात्पुरतं बसवलं. स्वतंत्र केबिन. दार लागतं. खुर्ची गोल फिरते. पहिल्या दिवशी त्यांनी दार लावून घेतलं आणि चक्कर येईपर्यंत फिरून घेतलं. ही जागा कायम व्हायची तर माध्यम अभ्यासाचा पेपर पास व्हायला हवा, असा नियम. पेपर बाहेरच्या माणसालाही देता येत होता. पहिल्या खेपेला ते आपटले होते. साहेब म्हणाले होते, "या वेळी पास झालात तर खुर्ची तुमची. नाहीतर खिडकी आहेच."

तेव्हापासून पाणीवाल्यांना झोपेत बटणं दिसायला लागली.

मुलगी कॉलेजात हाच विषय शिकत होती, त्यामुळे शिकवणी घरच्या घरी होती. पण ही शिकवणी म्हणजे दोघांच्याही संयमाची कसोटी होती.

"बाबा, नीट ऐका. संदेश पाठवणारा असतो, संदेश घेणारा असतो, आणि मध्ये गोंगाट असतो."

"गोंगाट म्हणजे तुझी आई."

"ऐकू येतंय मला," स्वयंपाकघरातून आवाज आला.

"बघा," मुलगी म्हणाली, "पोचला संदेश."

इथपर्यंत ठीक होतं. गाडी अडली ती पुढच्या प्रकरणात. संदेशाचा अर्थ पाठवणारा ठरवत नाही, घेणारा ठरवतो, असं पुस्तकात छापलं होतं आणि पाणीवाल्यांना ते काही केल्या पटेना.

"असं कसं? पाणी येणार म्हटलं की पाणी येणार. यात घेणाऱ्यानं ठरवायचं काय?"

"बाबा, पटवून घ्या. हा प्रश्न हमखास येतो. आणि उदाहरण स्वतःच्या अनुभवातलं लिहा. पुस्तकातलं लिहिलं की मार्क कापतात."

एवढं बोलून ती मैत्रिणीकडे नोट्स आणायला गेली. पाणीवाले अनुभव आठवत बसले. आठवेना. स्वतःचा म्हणावा असा अनुभव त्यांच्या गाठीला नव्हताच, सगळा बटणांचा होता. मग त्यांच्या डोक्यात ती नामी कल्पना आली. अनुभव नसेल तर तयार करू. एक संदेश असा पाठवू की त्याचा दुसरा अर्थ काढणं कोणाच्या बापाला जमणार नाही. मग बघू पुस्तक खरं की मी खरा.

त्यांनी बराच विचार करून वाक्य घडवलं. खोटं नको, कारण शेवटी आपण जबाबदार माणूस. अवघड शब्द नको. आणि मग इमारतीच्या ग्रुपवर त्यांनी संदेश टाकला: "उद्या पाणी नेहमीप्रमाणे येईल." खाली सवयीनं "जनसंपर्क विभाग" असंही लिहिलं. (सवय तीन महिन्यांचीच, पण खुर्चीची सवय लवकर लागते.)

संदेश वाचल्याच्या खुणा उमटत गेल्या. पाणीवाले गालात हसले. मग तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाईंचा एकच शब्द आला.

"का?"

पाणीवाल्यांनी वही ओढली आणि लिहिलं, "घेणाऱ्याची पहिली प्रतिक्रिया: का."

पाठोपाठ कोणीतरी विचारलं, "नेहमीप्रमाणे म्हणजे नक्की कसं?" दुसऱ्यानं लिहिलं, "इतक्या वर्षांत यांनी कधी एका शब्दानं सांगितलं नाही. आजच का सांगावंसं वाटलं?" आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी सगळ्यावर कडी केली. त्यांनी लिहिलं, "मी पेशंटला 'अजिबात दुखणार नाही' असं कधी सांगतो, ते माझं मला माहीत आहे."

त्यानंतर वरच्या मजल्यावर नळ सुटल्याचा आवाज आला. मग शेजारच्या घरात. मग स्वतःच्या घरात. पाणीवाले उठून बघतात तर बायको बादली लावून उभी.

"अगं, तू कशाला भरतेस?"

"उद्या पाणी येणार आहे ना, म्हणून."

"मेसेज मी पाठवला. इथे बसून. तुझ्या डोळ्यांदेखत."

"म्हणूनच भरतेय. दुसऱ्या कोणी पाठवला असता तर ठेवला असता विश्वास."

"म्हणजे काय?"

"मागे म्हणालात, घर सोडावं लागणार नाही. त्याच आठवड्यात खोकी बांधली मी. तुमची आई चारच दिवस राहणार म्हणालात, त्या सहा महिने राहिल्या. तुम्ही 'काही होणार नाही' म्हणालात की मी तयारीला लागते. व्हा बाजूला, पिंप आणू द्या."

हे उदाहरण पेपरात लिहिण्यासारखं नव्हतं, म्हणून पाणीवाल्यांनी वहीत घेतलं नाही.

आता गप्प बसायला काय हरकत होती? पण परीक्षा तोंडावर आलेल्या माणसाला आलेलं सगळं ज्ञान वापरायचं असतं. अफवा पसरली की तत्काळ खुलासा करावा, असं सातव्या प्रकरणात होतं. त्यांनी लगेच दुसरा संदेश टाकला: "घाबरण्याचे कारण नाही. अफवांवर विश्वास ठेवू नये."

तोवर अफवा अशी काही नव्हतीच. आता मात्र सगळे विचारायला लागले, कुठली अफवा? कोणालाच माहीत नव्हती, त्यामुळे ज्यानं त्यानं आपापली सांगितली. कोणी म्हणालं मोठी पाइपलाइन फुटली, कोणी म्हणालं पाण्यात काहीतरी सापडलं. काय सापडलं ते सांगण्यासारखं नाही, असंही लिहिलं. शिक्षिकाबाईंनी दोन्ही संदेश बहिणीला पाठवले, बहीण पलीकडच्या गल्लीत राहायची, आणि तिचा ग्रुप इमारतीच्या ग्रुपपेक्षा मोठा होता.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. इमारतीचे सेक्रेटरी उभे होते. घाईत निघालेले दिसत होते, कारण अंगात घरातला जुना शर्ट होता. पांढऱ्या बटणांत एक लाल बटण लावलेला. त्यांनी आत येऊन दार स्वतःच लोटलं आणि आवाज खाली आणला.

"मला तरी खरं सांगा."

"खरंच सांगतो. उद्या पाणी येणार आहे."

"ते ग्रुपसाठी झालं. मी सेक्रेटरी आहे. माझ्याशी कसली लपवाछपवी?"

"अहो, येणार आहे हो. शपथ घेऊ का?"

सेक्रेटरींनी त्यांना आणखी जवळ ओढलं. मग खांद्यावर हात ठेवला. "समजलं. नोकरीचा प्रश्न असतो. तुम्हाला बोलता येत नाही. शपथेपर्यंत गोष्ट आली म्हणजे फारच गंभीर आहे."

आणि ते तडक खाली गेले आणि त्यांनी मोटर चालू केली. वरची टाकी भरायची होती, पण घराघरांतून नळ सुटले होते, तेव्हा ती भरणार कशी? सेक्रेटरींनी मोटर तशीच चालू ठेवली आणि स्वतःच्या बादल्या भरायला घरी पळाले. खालची टाकी कोरडी पडली. कोरड्या टाकीवर मोटर बिचारी घरघरत राहिली आणि अखेर जळाली. जिन्यात रबर जळल्याचा वास सुटला. दातांच्या डॉक्टरांनी ग्रुपवर लिहिलं, "म्हणजे खरंच होतं तर."

मग साहेबांचा फोन आला. पाणीवाले फोन कानाला लावून उभे राहिले. बसून बोलायची त्यांची हिंमत झाली नाही.

"उद्या पाणी येणार असं कोणी जाहीर केलं?"

"साहेब, येणारच आहे ना?"

"येणारच होतं. पण तसं जाहीर करायला कोणी सांगितलं? पाणी येणार असं आपण आजवर कधी जाहीर केलंय? आपण पाणी जाणार तेवढं जाहीर करतो, तेही गेल्यानंतर."

"चुकलं साहेब. अभ्यास करत होतो."

"कसला अभ्यास? गल्लीगल्लीत नळ सोडून बसलेत लोक. मुख्य टाकीनं तळ गाठलाय. उद्या पुरवठा बंद ठेवावा लागणार."

"मग तसं जाहीर करू का?"

पलीकडे केबिनचं दार लावल्याचा आवाज आला. मग साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही आता कोणालाही काहीही सांगू नका. घरच्यांनासुद्धा."

दुसऱ्या दिवशी कुठेच पाणी आलं नाही. पण पाणीवाल्यांच्या घरात मात्र पाणीच पाणी होतं. बायकोनं पिंप, बादल्या, पातेली, कुकर, एवढंच काय, फुलदाणीसुद्धा भरून ठेवली होती. पाणीवाल्यांनी कुकरमधल्या पाण्यानं आंघोळ केली आणि बायकोकडे न बघता बाहेर पडले. जिन्यात भेटेल तो त्यांचा हात हातात घेत होता. आडून का होईना, वेळेवर सावध केलंत, असा माणूस इमारतीत हवा. शिक्षिकाबाईंनी तर डोळ्यांतून पाणी काढलं. आयुष्यात पहिल्यांदा पाणीवाल्यांच्या एका वाक्यावर सबंध वस्तीनं विश्वास ठेवला होता, फक्त त्या वाक्यात जे लिहिलं होतं ते सोडून. एकटे सेक्रेटरी तेवढे मोटरपाशी गाल फुगवून बसले होते, मांडीवर माध्यम अभ्यासाचं पुस्तक उघडं ठेवून.

आणि पेपरात तो प्रश्न आला. संदेशाचा अर्थ घेणारा ठरवतो, स्वानुभवातील उदाहरणासह स्पष्ट करा. पाणीवाल्यांनी पेनाचं टोपण काढलं. त्यांनी जे लिहायला घेतलं ते घंटा होईपर्यंत. पुरवणी मागितली, परत मागितली. त्यात "का?" होता, डॉक्टर होते, शपथ होती, जळालेली मोटर होती. मनाचा हिय्या करून त्यांनी बायकोचंही लिहिलं. बाहेर आले तेव्हा त्यांना खुर्ची स्पष्ट दिसत होती, आणि ती फिरत होती.

निकाल लागला आणि ते नापास. त्यांचा विश्वास बसेना. अर्ज करून त्यांनी उत्तरपत्रिका बघायला मागितली, मुलीला सोबत नेलं. त्या उत्तराशेजारी लाल शाईत लिहिलं होतं: "उदाहरण कपोलकल्पित. सुशिक्षित वस्तीत लोक असे वागत नाहीत. शून्य."

पाणीवाल्यांनी उत्तरपत्रिका मुलीपुढे धरली. "अगं, अक्षर न् अक्षर खरं लिहिलंय मी."

"बाबा," मुलगी म्हणाली, "पाठवणारा ठरवत नाही."

सोमवारी ते परत खिडकीमागे जाऊन बसले. तीच लाकडी खुर्ची, फिरायचं नाव नाही. वाईट वाटलं, खूप वाटलं, पण रांग लागलेली होती. अंगठ्यांसारखी चमकणारी बटणं आली, तुटकी बटणं आली, सगळ्यांनी आपापल्या परीनं ऐकवलं. आणि मग समोर पांढऱ्यांत एक लाल बटण येऊन उभं राहिलं.

"नवी मोटर बसवलीय," लाल बटण म्हणालं. "उद्या पाणी येईल ना?"

येईल म्हणायला पाणीवाल्यांनी तोंड उघडलं. मग त्यांना मोटर आठवली, साहेबांचा हळू आवाज आठवला, कुकर आठवला.

"काही सांगता येत नाही," ते म्हणाले.

खिडकीबाहेर कोणीतरी सुटकेचा श्वास सोडला. लाल बटण रांगेकडे वळलं आणि खणखणीत आवाजात म्हणालं, "चला, काळजी मिटली. सगळं नेहमीसारखं आहे." रांगेतले लोक हसले आणि तक्रार न नोंदवताच आपापल्या घरी निघून गेले. खिडकी रिकामी झाली.

असा जनसंपर्क त्या कार्यालयात आजवर कोणाला साधला नव्हता. पाणीवाल्यांनी हे साहेबांना जाऊन सांगितलं, तर साहेब फिरत्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "म्हणूनच तुम्हाला तिथून हलवायचं नाही असं ठरलंय. या खुर्चीवर आम्ही आता तुमच्या इमारतीच्या सेक्रेटरींना घेतोय. ते पास झालेत."