साळूला ऐकू आलं

मल्हारचा हिशेब सरळ होता. द्यायचा एक मिक्सर आणि मिळवायची एक बायको. मधे फक्त एक लोखंडी डबी होती.

मिक्सर त्याच्या कंपनीनं दिवाळीला दिलेला, तीन भांड्यांचा, खोक्यातून अजून बाहेर न काढलेला. रांजणगावच्या कंपनीत मल्हार शिफ्टमध्ये काम करायचा आणि सुट्टीला शिरूरच्या ‘स्वरगर्जना’ ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. मिक्सर त्यानं पुढच्या संसारासाठी जपून ठेवला होता. डबी होती त्याच्याच लाइनवरच्या एका जोडीदाराची. तो रांचीकडचा, सणसवाडीला खोली करून राहायचा, आणि नोकरी सोडून गावी निघाला होता. आईला मिक्सर न्यायची त्याची फार इच्छा होती.

“इसको ऑक्टेव्ह पेडल बोलते हैं, भाई,” तो म्हणाला. “तार गिटार से इसमें, इससे स्पीकर में. पैर से दबाओ. तुम एक बजाओगे, दो सुनाई देगा. एक तुम्हारा, एक उसके नीचेवाला.”

आधीच खालच्या सुराच्या खाली आणखी एक सूर! मल्हारनं मिक्सरचं खोकं त्याच्या हातात देऊन टाकलं.

बायको म्हणजे मोनिका, नात्यानं मामा लागणाऱ्या गेणबाची मुलगी. मोनिकाची हरकत नव्हती. गेणबाची होती, आणि ती गाण्याबजावण्यातली होती. गणपतीत शिरूरला तो स्टेजला खेटून एक अख्खा कार्यक्रम उभा राहिला होता आणि नंतर त्यानं भाच्याला बाजूला घेतलं होतं.

“ढोलकी ऐकू आली. क्यासिओवाला ऐकू आला. त्यो खुळखुळा वाजवणारा बी ऐकू आला. तुझं काय ऐकू आलं न्हाई.”

“मामा, बेस खाली असतो. ऐकू नाही आला तरी असतो.”

“तसं तर माझ्या खिशात बी नोटा असत्यात.”

“मामा—”

“आन् तारा चारच? शेजारच्याच्या गिटारीला सहा हायत.”

“याला चारच असतात.”

“मंग तुला हिस्सा बी कमी देत असतील.” गेणबानं तंबाखू मळली. “उद्या सोयऱ्यांनी इचारलं, जावई काय करतो, तर काय सांगू? उभा ऱ्हातो? जवा तुझं मला ऐकू येईल, तवा पोरीचं बोलू.”

हे बोलायचा अधिकार गेणबाला होता, असं जुनी माणसं मानत. वडिलांकडून, कोंडिबाकडून, त्याच्या गळ्यात एक हुंकार आला होता. दिवस मावळायला तो रानात उभा राहून तोंड मिटून हुंकारायचा, आणि एकाच माणसातून दोन आवाज निघायचे. एक गळ्यातून आणि एक त्याच्या खालून, छातीतून. त्यावर कळप चरायचं सोडून चालत यायचा आणि पायाशी बसायचा. ना काठी, ना शीळ. दोन वर्षांपूर्वी घशाचं दुखणं झालं आणि हुंकार गेला. बोलणं राहिलं, तेही वाऱ्यासारखं. तेव्हापासून रोज संध्याकाळी गेणबा आणि त्याचा मोठा मुलगा बिरदेव मेंढ्यांमागं धावत, आणि साळू नावाची म्हातारी मेंढी, कळपाची पुढारीण, गळ्यातली घंटा वाजवत दोघांकडं बघत उभी राही. ती कशाची तरी वाट बघत असे.

मल्हारनं खोलीवर डबीचा सराव केला. दोन तारा एकदम छेडल्या की डबी गोंधळून घोगरं भांडण काढी. अगदी खालच्या पट्टीत गेलं की अडखळे. पण गिटारच्या दांड्यावर वर सरकून एकच तार, एकच सूर, शांतपणे धरला की त्याच्या खालून दुसरा सूर असा उठे की मल्हार स्वतःच वाजवायचं थांबून कॉटखाली बघे. घरमालकीण दोनदा येऊन विचारून गेली, की बोअर घेताय का.

आता मारुतरावांचा हिशेब. न्हावऱ्याच्या रस्त्याला त्यांची बागायत, सोसायटीत वजन, आणि मे महिन्यात मुलाचं लग्न. हळदीच्या संध्याकाळी ऑर्केस्ट्रा ठरला. पण स्टेज, मांडव, पाचशे माणसांची तुडवातुडवी हे सगळं त्यांनी रस्त्यापलीकडच्या धाकट्या भावाच्या, बबनरावांच्या पडीक रानात लावलं. “घरचंच कार्य आहे, तुझं रान रिकामंच आहे,” म्हणाले. बबनराव हो म्हणाले. ते नेहमीच हो म्हणत. आणि त्याच रात्री मारुतरावांनी स्वतःच्या कांद्याच्या रानात गेणबाच्या मेंढ्या बसवल्या. पावसाआधी रात्रभर मेंढ्या बसल्या की रानाला वर्षाचं खत होतं. त्याबद्दल धनगराला ज्वारी द्यायची आणि रात्रीचं जेवण. जेवण हळदीच्या पंगतीत उरकणार होतं. आपल्या रानात खत, भावाच्या रानात माणसं, आणि एकाच स्वयंपाकात दोन्ही. मारुतराव स्वतःवर इतके खूश होते की त्यांनी गेणबाला पहिल्या रांगेत खुर्ची दिली.

तीच खुर्ची मल्हारला हवी होती.

साउंड दौंडच्या चांगदेवचा. त्यानं बेसच्या स्पीकरचे दोन नवे डबे आणले होते, प्रत्येकात वासरू मावेल एवढे, आणि त्यांची ताकद कुणी अजमावत नाही याचं त्याला वाईट वाटे. मल्हारनं त्याच्या कानात काही सांगितलं. चांगदेवनं डोळे मिचकावले आणि एक खुंटी शेवटपर्यंत फिरवली.

दिवस मावळत होता. ऑर्केस्ट्राचा मालक विक्रम माईकवर पाहुण्यांची नावं घेऊन दमला. प्रतिभाताईंनी देवाचं गाणं म्हटलं. दुसऱ्या गाण्याच्या आधी चार क्षण मल्हारचे होते. त्यानं पायाचा अंगठा बटणावर दाबला, वरच्या पट्टीत एक तार छेडली आणि धरून ठेवली.

आवाज आला असं म्हणता येणार नाही. आधी पाणी हललं. मांडवातल्या पिंपात वर्तुळावर वर्तुळ उठलं. मग प्लास्टिकच्या खुर्च्या बसल्या माणसांसकट गुणगुणू लागल्या. बायकांच्या हातातल्या बांगड्या कुणी न हलवता किणकिणल्या. रडणारं एक पोर तोंड उघडं ठेवून गप्प झालं. लोकांनी वर स्टेजकडं पाहिलंच नाही. सगळ्यांनी खाली, पायाखालच्या मातीकडं पाहिलं. पाचशे माणसांत कुणी खोकलं नाही.

मल्हारनं पहिल्या रांगेकडं नजर टाकली. गेणबा उजवा हात छातीवर धरून बसला होता आणि त्याचं तोंड स्टेजकडं नव्हतंच. तो मागं वळून रस्त्याकडं बघत होता. तिकडून घंटा येत होती.

पुढं साळू, आणि तिच्यामागं सगळा कळप. वाघर, म्हणजे मेंढ्यांभोवतीची जाळी, लोळवून त्या निघाल्या होत्या. पळत नव्हत्या, ओरडत नव्हत्या. मावळतीच्या उजेडात धूळ अंगावर घेऊन, जत्रेला आलेल्या बायकांसारख्या शिस्तीत चालत होत्या. रस्त्यावर एसटी थांबली. कंडक्टर खाली उतरला, पण शिटी तोंडातच राहिली. मेंढ्यांच्या मागून बिरदेव धावत आला.

“आप्पा, म्या न्हाई सोडल्या! आपल्याआपणच उठल्या!”

गेणबानं त्याला नुसता हात केला: गप.

मेंढ्या मधल्या वाटेनं मांडवात शिरल्या. लोकांनी पाय वर घेतले. साळू थेट स्टेजपाशी आली आणि त्या काळ्या डब्याला नाक लावून उभी राहिली. ते बघण्यात मल्हार वाजवायचं विसरला. तार सुटली. त्याबरोबर कळपाच्या माना वर झाल्या, एकच बेंबाटा उठला, आणि दोन कोकरं बुंदीच्या परातीकडं निघाली.

“थांबू नगं!” गेणबा ओरडला. नुसता वाराच निघाला, पण मल्हारला हाताची खूण कळली. त्यानं पुन्हा सूर धरला. मेंढ्या निवल्या. एकेक करून पुढचे गुडघे मोडले आणि सगळ्या बसल्या. खुर्च्यांमधे, वाटेत, नवरदेवाच्या पाटाभोवती.

“मल्ल्या, पुढचं गाणं!” विक्रम दात आवळून म्हणाला.

“थांबता येत नाही. थांबलो की बिथरतात.”

“मग आम्ही काय करू?”

“याच सुरात गा.”

प्रतिभाताई जुन्या कलाकार. त्यांनी झटकेबाज नाचाचं गाणं त्या एका सुरावर ठेवलं, आणि ते इतकं संथ झालं की शेवटच्या ओळीला दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. पुढची तीन गाणीही तशीच गेली. शिट्टी मारायला आलेली पोरं मेंढ्यांशेजारी मांडी घालून बसली होती.

इतक्या वेळानं मारुतरावांना हिशेब लागला. ते उठून गेणबापाशी आले.

“गेणबा, ह्या मेंढ्या कुणाच्या रानात बसल्या?”

“मांडवात, अण्णा.”

“मांडव कुणाच्या रानात हाय?”

गेणबानं शेजारी पाहिलं. शेजारच्या खुर्चीत बबनराव पायावर पाय टाकून बसले होते.

“उठव त्यांना,” मारुतराव म्हणाले. “ज्वारी मी मोजलीय.”

“न्हाई उठायच्या. ह्या आवाजाला माझा बा बसवायचा. बसल्या की उजाडल्याबिगर उठत न्हाईत.”

“मग आवाज तिकडं न्या! चांगदेव, हे डबे उचल, माझ्या कांद्यात लाव.”

“एका डब्याला सहा माणसं लागत्यात, अण्णा. आन् वायर स्टेजपुरतीच हाय.”

“त्या पोराला तरी उचला!”

“त्याला बी वायर हाय.”

बबनराव पहिल्यांदाच बोलले. “असू दे की, दादा. हळदीला आलेल्या पाहुण्यांना बसल्या जागेवरून उठवत्यात व्हय?”

हसू सगळ्यांना आलं, पण कुणी मोठ्यानं हसलं नाही. त्या आवाजात हसायला देवळात हसल्यासारखं वाटत होतं.

पंगत मेंढ्या चुकवून, एका बाजूला, दाटीवाटीनं झाली. मल्हारला बुंदी प्रतिभाताईंनी भरवली, कारण त्याचे हात मोकळे नव्हते. मग डबीतली बॅटरी हळूहळू संपत आली. खालचा सूर पातळ झाला, थरथरला आणि विझला. साळूनं एक कान हलवला आणि ती रवंथ करत राहिली.

मल्हार गिटार ठेवून खाली उतरला. बोटांना फोड आले होते. गेणबापुढं येऊन उभा राहिला तेव्हा मांडवातली माणसं जरा जवळ सरकली. बापाबरोबर आलेली, पंगतीत वाढणारी मोनिकाही पळी हातात तशीच धरून थांबली.

“मामा, ऐकू आलं का?”

गेणबानं बसल्या कळपाकडं पाहिलं. त्याचा हात अजून छातीवर होता.

“मला काय ऐकू आलं न्हाई,” तो म्हणाला.

मल्हारचं तोंड उतरलं.

“मला वाटलं, माझा बा आला. त्यामुळं गाण्याकडं माझं ध्यानच नव्हतं.” गेणबानं उपरण्यानं डोळे पुसले. “पर साळूला ऐकू आलं. इतक्या वर्सांत ती एकदा बी चुकली न्हाई. तिला खोटं पाडणारा मी कोण?” मग त्यानं मागं न बघताच आवाज दिला, “मोनिके, पावण्याला जेवाय वाढ. नीट वाढ. त्यो उभा ऱ्हात न्हाई, वाजवतो.”

“ऐकलंय मी कधीचं,” मोनिका म्हणाली. “तुमचंच राहिलं होतं.”

सकाळी बबनरावांचं पडीक रान लेंड्यांनी काळंभोर झालं होतं. खुर्च्यांखालची जागाही मेंढ्यांनी सोडली नव्हती. मारुतरावांनी ज्वारी दिली, ऑर्केस्ट्राची बिदागी दिली, मांडवाचं भाडं दिलं. भावाच्या रानात एवढा खर्च त्यांनी आयुष्यात कधी केला नव्हता. त्या पावसाळ्यात बबनरावांची बाजरी रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीच्या खिडकीला लागत होती, आणि मारुतराव त्या बाजूला बसत नव्हते.

गेणबानं जावयाला सुट्टीच्या दिवशी रानात बोलवायला सुरुवात केली. चांगदेव एक जुना डबा आणि ट्रॅक्टरची बॅटरी देऊन गेला. दिवस मावळला की मल्हार सूर धरी, साळू येई, आणि बिरदेव बांधावर आडवा होई. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याची पळापळ थांबली होती.

हे सगळं जमेला. राहिला तो मिक्सर.

लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मोनिकानं फळीवर शोधलं, कॉटखाली शोधलं. “कंपनीनं दिलेला म्हणत होतात ना? तीन भांड्यांचा?”

मल्हारनं डबी पुढं केली. मोनिकानं ती उलटसुलट करून पाहिली, वरचं बटण दाबलं.

“हिच्यात चटणी होते?”

“नाही.”

मोनिकानं परसातला पाटा त्याच्यापुढं आणून ठेवला, वर वरवंटा ठेवला आणि मिरच्या, लसूण, खोबरं त्याच्या हाताशी दिलं. ज्वारी गेणबाची झाली होती, खत बबनरावांचं, दोन्हीचा खर्च मारुतरावांचा. एवढं एक देणं मल्हारच्या नावावर उरलं होतं आणि ते तो अजून रोज फेडतो आहे. वरवंटा पाट्यावर घासला की वर खरखर होते आणि तिच्या खालून, जमिनीतून, आणखी एक घुमणारा आवाज येतो.

“हां,” लेकीकडं आला की ओट्यावर बसलेला गेणबा मान डोलावून म्हणतो. “आता ऐकू येतंय.”