'बुरशी' हा शब्द वगळून

विद्यापीठाच्या बातमीपत्रात पहिल्या पानावर दोन चौकटी असत. एकीत प्राध्यापकांचे संशोधन, दुसरीत विद्यार्थ्यांमधील विविधता. दोन्ही चौकटी दर महिन्याला भरल्याच पाहिजेत, असा नियम होता. संशोधन आणि विविधता दर महिन्याला घडल्याच पाहिजेत, असा मात्र नियम नव्हता. ही तफावत भरून काढण्यासाठी विद्यापीठाने एक प्रसिद्धी अधिकारी नेमला होता.

प्रसिद्धी अधिकारी मनाने सज्जन आणि पदाने तात्पुरता होता. विविधतेसाठी त्याच्याजवळ एकुलता एक परदेशी विद्यार्थी होता. त्याचे फोटो चष्मा लावून, चष्मा काढून, ग्रंथालयात, झाडाखाली आणि अगदीच इलाज नव्हता तेव्हा पाठमोरे, असे छापून झाले होते. शेवटी "सर, आता मला जरा शिकू द्या," असं म्हणून तो बिचारा दुसऱ्या विद्यापीठात निघून गेला. चौकट ओस पडली.

त्याच आठवड्यात बुरशीबाईंचं टिपण आलं. बुरशीबाई म्हणजे बुरशीशास्त्राच्या प्राध्यापिका. जुन्या वसतिगृहाच्या भिंती वर्षभर खरवडून त्यांनी लिहिलं होतं : 'जुन्या वसतिगृहात बुरशीचे असंख्य प्रकार एकत्र नांदत आहेत. त्यांपैकी कित्येक परदेशी असून इथल्या वातावरणात ते झपाट्याने रुजतात. हे आरोग्यास घातक आहे. इमारत ताबडतोब रिकामी करावी.'

कुलसचिवांनी टिपणावर लाल पेन फिरवलं.

"अहो, नकारात्मक शब्द चालत नाहीत हे आपलं धोरण ठाऊक आहे ना? 'घातक' काय, 'रिकामी' काय! आणि ही बुरशी कशाला मध्येच?"

"सर, संशोधनच बुरशीवर आहे."

"असू दे की! संशोधनाला आपली ना कुठे आहे? फक्त शब्द काढा."

शब्द निघाला. उरलं ते असं : 'जुन्या वसतिगृहात असंख्य प्रकार एकत्र नांदत आहेत. त्यांपैकी कित्येक परदेशी असून इथल्या वातावरणात ते झपाट्याने रुजतात.' प्रसिद्धी अधिकाऱ्याने ते तीनदा वाचलं. एक अक्षर खोटं नव्हतं. कुलसचिवांचे डोळे पाणावले. "एका दगडात दोन चौकटी!" ते म्हणाले, आणि अधिकाऱ्याला कायम करण्याची फाइल त्यांनी स्वतःच्या हाताने ढिगाच्या तळातून वर आणली.

बातमी छापून आली आणि बुरशीबाई तणतणत कार्यालयात आल्या.

"अहो, ती बुरशी आहे!"

"मॅडम, नाही असं आम्ही कुठे म्हटलंय?"

"पोरं खोकतायत तिथे!"

"ते विद्यार्थी कल्याण विभागाकडे जातं. आमच्याकडे फक्त आनंद येतो."

विविधतेच्या मानांकनात विद्यापीठ एकदम वर सरकलं. ते टिकवायचं तर विविधता टिकवायला हवी, म्हणून 'विविधता संवर्धन समिती' नेमण्यात आली. मोजणीसाठी तिला आधार म्हणून विद्यापीठात एकच अभ्यास उपलब्ध होता, तो बुरशीबाईंचा. त्या अभ्यासाप्रमाणे रंगकाम केल्यास विविधता घटणार होती, म्हणून रंगकाम थांबलं. खेळत्या हवेने ती आणखी घटणार होती, म्हणून खिडक्यांना खिळे ठोकले गेले. छताच्या गळतीला समितीने मुदतवाढ दिली.

हे सगळं सुरळीत चाललं असताना अधिकाऱ्याला बहिणीचा फोन आला.

"दादा, आपल्या सोन्याला तुझ्याच विद्यापीठात घातलंय. जुनं वसतिगृह मुद्दाम मागून घेतलं हं!"

भाच्याला लहानपणापासून दमा होता.

"अगं, तिथे नको! भिंतीभर बुरशी आहे तिथे."

"मग बातमीत तसं का नाही लिहिलंस?"

"ती बातमी होती गं. हे खरं सांगतोय."

"अस्सं! लोकांची पोरं आली तर झपाट्याने रुजतात, आणि आमचं यायला लागलं की बुरशी! आमचं जरा बरं झालं की तुझ्या पोटात दुखतं, हे आई म्हणायचीच."

फोन आपटला गेला. अधिकाऱ्याने आयुष्यातला पहिला खुलासा लिहिला : 'जुन्या वसतिगृहात बुरशी आहे. दम्याच्या मुलांनी येऊ नये.' कुलसचिवांनी तो शांतपणे वाचला.

"खुलाशाला कोण नाही म्हणतंय? पण धोरण खुलाशालाही लागू आहे." लाल पेन 'बुरशी'वरून गेलं, 'दम्याच्या'वरून गेलं, 'नये'पाशी थोडं अडखळलं. "आणि हो, तुमची कायमची फाइल सहीला गेलीय. उद्या येईल."

दुसऱ्या दिवशी फाइल आली. खुलासाही छापून आला : 'जुन्या वसतिगृहात आहे. मुलांनी यावे.'

मुलं आली. इतकी आली, की एका खोलीत दोन खाटा जास्त टाकाव्या लागल्या.

पुढच्या अंकासाठी छायाचित्रकाराने वसतिगृहातल्या मुलांचे फोटो पाठवले. त्यांत सोन्या होता. मागे हिरवीगार भिंत, तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, एक हात छातीवर. समितीला फोटो एकमताने आवडला होता. फक्त ओळ लिहायची राहिली होती. अधिकाऱ्याने 'खोकताना' असं टाइप केलं. शब्द नकारात्मक होता. आता कायम झालेला माणूस धोरण मोडू शकत नाही. त्याने तो पुसला आणि लिहिलं : 'मनमोकळं हसताना.'

बहिणीने तो फोटो अभिमानाने सगळ्या नातेवाइकांना पाठवला. नातेवाइकांनी पुढे ढकलला. असा फिरत फिरत तो तुमच्याही फोनवर आला होता. तुम्ही जिना चढता चढता तो पाहिलात, अंगठा उमटवलात आणि खाली लिहिलंत, 'किती गोड हसतोय! असाच हसत राहा.'

तो तसाच आहे अजून.